ऑगस्ट क्रोग

शॅक ऑगस्ट स्टेनबर्ग क्रोग (१५ नोव्हेंबर, १८७४ – १३ सप्टेंबर, १९४९) हे डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ व शरीरक्रियावैज्ञानिक होते. स्नायूंतील केशवाहिन्यांच्या नियमनासंबंधीच्या शोधाबद्दल त्यांना १९२० साली शरीरक्रियाविज्ञान व वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक मिळाले. डेन्मार्कमध्ये इन्सुलिनचे उत्पादन त्यांच्या पुढाकाराने सुरू झाले. गोड्या पाण्यातील मासे भोवतालच्या अत्यंत विरळ पाण्यातून क्लोमांवाटे लवणे ओढून घेतात हे त्यांनी १९३७ मध्ये दाखविले. खारे व गोडे पाणी यांच्याशी मासे कसे जुळवून घेतात याविषयीचे आजचे ज्ञान बऱ्याच अंशी त्यांच्या कार्यावर उभे आहे. सामान्य वाचकाला त्यांचे नाव ठाऊक असते ते नोबेल पारितोषिकामुळे. माशांवरील काम मात्र त्या मानाने अपरिचित राहिले आहे. म्हणून या लेखात त्याचा विचार अधिक विस्ताराने केला आहे.

बालपण व शिक्षण

क्रोग यांचा जन्म डेन्मार्कच्या जटलंड द्वीपकल्पावरील ग्रेनॉ या लहानशा बंदराच्या गावी झाला. वडील विगो क्रोग हे जहाजबांधणीच्या व्यवसायात होते. समुद्र, नौका आणि किनाऱ्यावरील जीवसृष्टी यांच्या सहवासात बालपण गेले. कीटकांचे निरीक्षण आणि हाती लागेल त्या सामानातून उपकरणे बनविणे हे दोन्ही छंद त्यांना लहानपणीच जडले व ते अखेरपर्यंत टिकले. नौदलात अधिकारी व्हावे असे त्यांना काही काळ वाटत होते. किशोरवयात ते नौदलाच्या एका जहाजावर काही महिने राहिलेही. पुढे तो विचार मागे पडला.

१८९३ मध्ये त्यांनी कोपनहेगन विद्यापीठात प्रवेश घेतला. प्रथम वैद्यकाचा अभ्यास सुरू केला, पण लवकरच ते प्राणिशास्त्राकडे वळले. विल्यम सॉरेनसेन या प्राणिशास्त्रज्ञ स्नेह्याने त्यांना शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक क्रिस्तियान बोर यांची व्याख्याने ऐकण्याचा सल्ला दिला. हा सल्ला निर्णायक ठरला. १८९७ पासून क्रोग बोर यांच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून काम करू लागले. बेडकाच्या श्वसनात त्वचेचा वाटा किती व फुप्फुसाचा किती, या विषयावरील प्रबंधास १९०३ मध्ये डॉक्टरेट मिळाली.

याच काळात, १९०२ साली, ते ग्रीनलंडला गेले. तेथे त्यांनी समुद्राच्या पाण्यातील व हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण मोजले आणि वातावरणातील या वायूचे नियमन करण्यात महासागरांचा मोठा वाटा असावा असे मत मांडले. हवामानबदलाच्या आजच्या चर्चेत हे जुने निरीक्षण अधूनमधून आठवले जाते. सजीवांच्या शरीरातून नायट्रोजन वायुरूपात बाहेर पडतो काय, या प्रश्नावरील संशोधनासाठी १९०६ मध्ये त्यांना व्हिएन्नाच्या अकादमीचे झेगेन पारितोषिक मिळाले. उत्तर नकारार्थी होते. पण ते सिद्ध करण्यासाठी वायूंचे मापन ज्या अचूकतेने करावे लागले, त्या अचूकतेमुळे त्यांचे नाव युरोपभर झाले.

१९०५ मध्ये त्यांनी मारी यर्गेनसेन यांच्याशी विवाह केला. मारी वैद्यकाच्या विद्यार्थिनी होत्या. पुढे त्या स्वतः नामवंत संशोधक झाल्या. फुप्फुसातून वायूंचे विसरण किती होते हे अल्प कार्बन मोनॉक्साइड वापरून मोजण्याची त्यांनी विकसित केलेली पद्धत सुधारित स्वरूपात रुग्णालयांत अजूनही वापरली जाते. या दांपत्याला एक मुलगा व तीन मुली झाल्या.

गुरूंशी मतभेद

क्रिस्तियान बोर यांनी माशांच्या वाताशयाचा अभ्यास केला होता. हवेने भरलेल्या या पिशवीत ऑक्सिजन सक्रियपणे स्रवला जातो आणि त्यावर मज्जातंतूंचे नियंत्रण असते हे त्यांनी दाखविले होते. माशांच्या वाताशयात जे घडते तेच सस्तन प्राण्यांच्या फुप्फुसातही घडत असावे, म्हणजे फुप्फुसाच्या पेशी ऑक्सिजन स्वतः रक्तात ढकलत असाव्यात, असे त्यांचे मत होते. ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक जॉन स्कॉट हॉल्डेन यांचाही या मताला पाठिंबा होता.

क्रोग यांनी रक्ताशी संपर्कात ठेवलेला हवेचा अगदी सूक्ष्म बुडबुडा घेऊन त्यातील वायूंचे पृथक्करण करण्याचे उपकरण बनविले. मारी यांच्या साहाय्याने केलेल्या मापनांत प्रत्येक वेळी एकच गोष्ट आढळली: धमनीतील रक्तातला ऑक्सिजनचा दाब फुप्फुसातील हवेतल्या दाबापेक्षा नेहमी थोडा कमीच असतो. अधिक दाबाकडून कमी दाबाकडे वायू आपोआप जातो. ढकलणाऱ्या कोणत्याही शक्तीची गरज नाही. १९१० मध्ये हे निष्कर्ष सात छोट्या निबंधांतून प्रसिद्ध झाले. घरात त्यांना विनोदाने सात छोटी भुते म्हटले जाई.

विरोध ज्यांच्याशी होता ते गुरू होते, हे विसरता येत नाही. १९०४ मध्ये कार्बन डायऑक्साइडमुळे रक्ताची ऑक्सिजन धरून ठेवण्याची क्षमता कमी होते हे दाखविणारा प्रसिद्ध निबंध बोर, हासेलबाल्ख व क्रोग या तिघांच्या नावे होता. निष्कर्ष मांडताना क्रोग यांनी गुरूंचे ऋण स्पष्टपणे नमूद केले, तरी संबंधांत दुरावा आलाच. पुढच्याच वर्षी, १९११ मध्ये, बोर यांचे निधन झाले. मतभेद मिटण्यास वेळ उरला नाही.

१९०८ मध्ये कोपनहेगन विद्यापीठाने क्रोग यांच्यासाठी प्राणिशरीरक्रियाविज्ञानाचे स्वतंत्र पद निर्माण केले. १९१६ मध्ये ते पूर्ण प्राध्यापक झाले.

नोबेल पारितोषिक व इन्सुलिन

विश्रांतीच्या वेळी स्नायूला ऑक्सिजन थोडा लागतो, श्रमाच्या वेळी कितीतरी पट अधिक. ही वाढीव गरज केवळ रक्ताचा वेग वाढवून भागत नाही, तर विश्रांतीत बंद असलेल्या केशवाहिन्या श्रमाच्या वेळी उघडतात, असे क्रोग यांनी बेडूक व गिनीपिग यांच्या रक्तात शाई सोडून केलेल्या प्रयोगांवरून दाखविले. नंतरच्या संशोधनात या चित्रात पुष्कळ बदल झाले आहेत. सूक्ष्म रक्ताभिसरणाचा पद्धतशीर अभ्यास मात्र येथूनच सुरू झाला असे मानले जाते.

१९२२ मध्ये क्रोग अमेरिकेतील येल विद्यापीठात व्याख्याने देण्यास गेले. मारी यांना मधुमेह असल्याचे तत्पूर्वीच निदान झाले होते. टोरांटो येथे नुकत्याच शोधल्या गेलेल्या इन्सुलिनची वार्ता कानी आल्यावर क्रोग तेथे गेले, प्रोफेसर मॅक्लाउड यांना भेटले आणि स्कँडिनेव्हियात इन्सुलिन तयार करण्याची अनुमती घेऊन परतले. मारी यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर हान्स क्रिस्तियान हागेडोर्न यांच्यासह त्यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस गुरांच्या स्वादुपिंडापासून इन्सुलिन मिळविण्याचे काम सुरू केले. १९२३ मध्ये नॉर्डिस्क इन्सुलिन प्रयोगशाळेची स्थापना झाली. आजची नोव्हो नॉर्डिस्क ही कंपनी याच परंपरेतून आली आहे. मारी त्यानंतर सुमारे वीस वर्षे जगल्या. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले.

माशांचा प्रश्न

माशांच्या शरीरातील पाणी व लवणे यांचा प्रश्न समजून घेण्यासाठी स्वयंपाकघरातील एक अनुभव पुरेसा आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते. मनुका साध्या पाण्यात टाकल्या की फुगतात. पातळ पडद्याच्या एका बाजूला लवणे अधिक व दुसऱ्या बाजूला कमी असली, तर पाणी अधिक लवणांच्या बाजूला जाते. यालाच तर्षण म्हणतात.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम लवणे असतात. बहुतेक अस्थिमत्स्यांच्या रक्ताची संहती समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक-तृतीयांश असते. म्हणजे समुद्रातला मासा कैरीच्या फोडीच्या अवस्थेत असतो: त्याच्या शरीरातील पाणी सतत बाहेर जाऊ पाहते. नदीतला मासा मनुकेसारखा असतो: पाणी आत शिरते आणि लवणे बाहेर झिरपतात. क्लोमांचे पटल श्वसनासाठी अतिशय पातळ व विस्तृत असावे लागते, त्यामुळे हे संकट टाळता येत नाही. ज्या दाराने ऑक्सिजन आत येतो त्याच दाराने पाणी व मीठ यांची ये-जा चालू राहते. रायगड जिल्ह्यातील तळ्यांत पाळला जाणारा जिताडा खाडीच्या खाऱ्या पाण्यात, निमखाऱ्यात आणि गोड्या पाण्यातही जगतो. त्याला ही दोन्ही संकटे एकाच आयुष्यात सोसावी लागतात.

समुद्री माशांचे कोडे अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक होमर स्मिथ यांनी १९३० मध्ये बरेचसे उलगडले. ईल (वाम) व इतर मासे समुद्राचे पाणी पितात, ते आतड्यात शोषले जाते, मॅग्नेशियम व सल्फेट मूत्र आणि विष्ठेवाटे बाहेर टाकले जातात, पण सोडियम व क्लोराइड यांचा मोठा भाग मूत्रातून जात नाही. तो क्लोमांवाटेच बाहेर पडत असला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याचा प्रत्यक्ष पुरावा क्रोग यांच्याच प्रयोगशाळेत मिळाला. तेथे १९३०-३१ च्या सुमारास आलेल्या अ‍ॅन्सेल कीज या तरुण अमेरिकनाने ईलचे हृदय व क्लोम एकत्र वेगळे काढून त्यांतून द्रव प्रवाहित करण्याची पद्धत बनविली आणि क्लोम क्लोराइड बाहेर टाकतात हे दाखविले. केंब्रिजला गेल्यावर कीज व विल्मर यांनी १९३२ मध्ये क्लोमांतील विशिष्ट मोठ्या पेशींकडे हे काम सोपविले. त्या पेशी क्लोराइड पेशी म्हणून प्रसिद्ध झाल्या. (हेच कीज पुढे आहारातील स्निग्ध पदार्थ व हृदयविकार यांवरील संशोधनासाठी विख्यात झाले.)

गोड्या पाण्याची बाजू मात्र उरली होती. नदीतील मासा पुष्कळ पातळ मूत्र बाहेर टाकून जादा पाण्याचा निचरा करतो, हे ठाऊक होते. पण मूत्रातून व क्लोमांतून गमावलेल्या लवणांची भरपाई कशी होते? अन्नातून होते असे म्हणता येईल. मात्र दीर्घकाळ उपाशी ठेवलेले मासेही आपल्या रक्तातील लवणे टिकवून ठेवतात, मग ते उत्तर अपुरे पडते.

क्रोग यांनी सोनमासे व इतर प्राणी प्रथम वाहत्या ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवून त्यांच्या शरीरातील लवणांचा साठा कमी केला. नंतर त्यांना अगदी थोडे मीठ असलेल्या पाण्यात सोडले आणि त्या पाण्यातील क्लोराइडचे सूक्ष्म मापन करीत राहिले. क्लोराइड कमी होत गेले. मासा आपल्या रक्तापेक्षा कितीतरी पट विरळ असलेल्या पाण्यातून क्लोराइड आत ओढत होता, म्हणजे चढाच्या दिशेने. डोके व क्लोम एका कप्प्यात आणि उरलेले शरीर दुसऱ्या कप्प्यात राहील अशी व्यवस्था करून त्यांनी हेही पाहिले की शोषण होते ते डोक्याकडील भागात, त्वचेवाटे नव्हे. त्याच वर्षी बेडकाच्या त्वचेविषयी असाच निष्कर्ष त्यांनी प्रसिद्ध केला. पुढे खेकड्यांसारख्या इतर प्राण्यांवरही प्रयोग केले.

एक बारकावा विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. मासा सोडियमशिवाय क्लोराइड घेऊ शकतो आणि क्लोराइडशिवाय सोडियमही घेऊ शकतो, असे त्यांना आढळले. विद्युत्भाराचा समतोल राखायचा तर प्रत्येकाच्या बदल्यात तसाच भार असलेले काहीतरी बाहेर टाकावे लागेल. क्रोग यांनी तर्क केला की क्लोराइडच्या बदल्यात बायकार्बोनेट व सोडियमच्या बदल्यात अमोनियम बाहेर जात असावे. हे दोन्ही माशाला नकोसेच असलेले पदार्थ आहेत. श्वसन, उत्सर्जन आणि लवणांचा जमाखर्च ही तिन्ही कामे एकाच पटलावर जोडली गेली. १९६४ मध्ये किरणोत्सर्गी समस्थानिकांच्या साहाय्याने सोनमाशांवर केलेल्या प्रयोगांनी सोडियम व क्लोराइड यांची ही स्वतंत्र देवघेव पक्की केली. सोडियमच्या बदल्यात नेमके काय जाते याबद्दलचा तपशील पुढे बराच सुधारला गेला.

सर्वच मासे सारखे नाहीत हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. गोड्या पाण्यातील ईल क्लोराइड अशा रीतीने शोषत नाही असे त्यांना आढळले. नियम मांडताना त्याला न जुमानणारा प्राणी त्यांनी झाकून ठेवला नाही.

येथे एक गोष्ट वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. ज्या संशोधकाने आपल्या गुरूंविरुद्ध जाऊन फुप्फुसातील सक्रिय ढकलशक्ती नाकारली, त्यानेच सत्तावीस वर्षांनी माशांच्या क्लोमांत सक्रिय वहन सिद्ध केले. यात विसंगती नाही. फुप्फुसाच्या बाबतीत मापनाने विसरण पुरेसे ठरविले. क्लोमांच्या बाबतीत त्याच काटेकोर मापनाने ते अपुरे ठरविले. जिवंत पटल काम करते ही बोर यांची मूळ कल्पना चुकीच्या अवयवाला लावली गेली होती, असे फार तर म्हणता येईल. माशाच्या वाताशयाबद्दल बोर यांचे निरीक्षण बरोबरच होते.

बोर घराण्याशी क्रोग यांचा संबंध या निमित्ताने वेगळ्या रीतीने पुन्हा जुळला. क्रिस्तियान बोर यांचे पुत्र, भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर, यांच्या कोपनहेगनमधील संस्थेत १९३४ पासून जॉर्ज हेवेशी काम करीत होते. नील्स बोर, हेवेशी आणि क्रोग यांनी जीवविज्ञानात समस्थानिकांचा उपयोग करण्यासाठी रॉकफेलर प्रतिष्ठानाकडे मिळून साहाय्य मागितले. हेवेशी व हॉफर यांनी सोनमाशांना जड पाण्यात ठेवून शरीरातील व भोवतालचे पाणी किती लवकर बदलते ते पाहिले. १९३५ मध्ये क्रोग यांच्या सहभागाने बेडकाच्या त्वचेतून पाणी कसे जाते याचा अभ्यास झाला. वडिलांच्या प्रयोगशाळेतून सुरू झालेला प्रश्न मुलाच्या संस्थेतील साधनांनी पुढे नेला गेला.

हे सर्व कार्य क्रोग यांनी १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठ मुद्रणालयाने प्रसिद्ध केलेल्या जलचर प्राण्यांतील तर्षण नियमनावरील इंग्रजी ग्रंथात एकत्र केले. एकपेशीय जीवांपासून व्हेलपर्यंतच्या प्राण्यांचा त्यात विचार आहे.

अखेरची वर्षे

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने डेन्मार्क व्यापले. १९४४ मध्ये जिवाला धोका निर्माण झाल्याने क्रोग यांना स्वीडनला निघून जावे लागले. मारी यांच्या निधनाला तेव्हा वर्षच झाले होते. युद्ध संपेपर्यंत ते लुंड येथे राहिले. १९४५ मध्ये मायदेशी परतून त्यांनी प्राध्यापकपद सोडले. संशोधन मात्र सोडले नाही. घराजवळच्या प्रयोगशाळेत टॉर्केल वाइस-फो यांच्यासह ते टोळांच्या उड्डाणाचा अभ्यास करीत राहिले. १३ सप्टेंबर, १९४९ रोजी कोपनहेगन येथे त्यांचे निधन झाले.

नंतरचे संशोधन

प्रत्येक जैविक प्रश्नासाठी असा एखादा प्राणी असतो की ज्याच्यावर तो सर्वांत सोयीने अभ्यासता येतो, हा विचार क्रोग यांनी १९२९ मध्ये मांडला. हान्स क्रेब्ज यांनी १९७५ मध्ये त्याला क्रोग तत्त्व असे नाव दिले.

क्रोग यांच्या प्रयोगशाळेतील हान्स उसिंग यांनी बेडकाच्या त्वचेतून सोडियमचे सक्रिय वहन विद्युत् मापनाने निश्चित केले. १९५७ मध्ये आर्हुस येथील येन्स स्कोउ यांनी खेकड्याच्या मज्जातंतूंत सोडियम व पोटॅशियम वाहून नेणारे विकर शोधले. त्यासाठी त्यांना १९९७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. माशांच्या क्लोमांतील लवणवाहक पेशींमध्ये हे विकर विपुल असते व लवणांचे वहन त्याच्याच बळावर चालते. क्रोग यांना जे कार्य दिसले होते त्यामागचे यंत्र अशा रीतीने हाती आले.

पाण्याचा खारेपणा बदलला हे माशाला कळते कसे, हा प्रश्न क्रोग यांच्या काळात जवळजवळ अस्पर्श होता. १९५९ मध्ये पिकफर्ड व फिलिप्स यांनी दाखविले की पियूषिका ग्रंथी काढलेला किलिफिश गोड्या पाण्यात मरतो, पण प्रोलॅक्टिन हे संप्रेरक दिल्यास तो जगतो. तिलापिया माशात प्रोलॅक्टिन स्रवणाऱ्या पेशी रक्ताची संहती घटल्याचे स्वतःच ओळखतात असे पुढे आढळले. समुद्राशी जुळवून घेण्यासाठी कॉर्टिसॉल व वृद्धी संप्रेरक महत्त्वाचे ठरतात. नदीतून समुद्राकडे निघालेल्या तरुण सॅमनमध्ये समुद्राचे पाणी लागण्याआधीच क्लोमांतील बदल सुरू झालेले असतात. कॅल्शियम ओळखणारे काही ग्राही रेणूही भोवतालच्या पाण्यातील बदल टिपण्यास मदत करतात, असे दिसते.

क्रोग यांच्या कन्या बोडिल श्मिट-नील्सन यांनी मूत्रपिंडाच्या कार्यावर संशोधन केले. १९७५ मध्ये अमेरिकन शरीरक्रियाविज्ञान संस्थेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. जामात कनूट श्मिट-नील्सन हे वाळवंटातील प्राण्यांच्या पाण्याच्या गरजेवरील कार्यासाठी प्रसिद्ध आहेत. कोपनहेगन विद्यापीठातील ऑगस्ट क्रोग संस्था आणि चंद्रावरील एक विवर यांना क्रोग यांचे नाव देण्यात आले आहे.